गावाने मिळून वाचावयाचा ग्रंथ

शास्त्राचा ग्रंथ हाती घेतला की आधी चार गोष्टी पाहाव्यात, असा आमच्या पाठशाळेचा शिरस्ता होता. ग्रंथाचा विषय काय, त्याचे प्रयोजन काय, तो वाचण्याचा अधिकारी कोण, आणि या तिहींचा परस्परांशी संबंध कोणता. यास अनुबंधचतुष्टय म्हणतात. ही चार जुळली नाहीत तर ग्रंथ कितीही थोर असो, वाचणाराच्या पदरी पाने उलटल्याचे श्रेय तेवढे पडते. आज आम्ही हेच माप एका निराळ्या गोष्टीस लावून पाहणार आहोत. ती गोष्ट अशी की, एका सबंध शहराने एका वेळी एकच पुस्तक वाचावयाचे, आणि वाचून झाल्यावर अनोळखी माणसांत बसून त्यावर बोलावयाचे. अमेरिकेत हा उपक्रम १९९८ साली सुरू झाला आणि तेथून तो कितीतरी देशांत गेला.

यावर आमचे वाचक हसतील. म्हणतील, 'महाराज, यात अपूर्व ते काय? आमच्या गावी दर वर्षी सप्ताह बसतो. काकड्यापासून जागरापर्यंत विणा खाली ठेवीत नाहीत. पारायणास शंभर-दीडशे वाचक बसतात. सात दिवसांत अठरा अध्याय, नऊ हजार ओव्या पुऱ्या होतात, आणि सारे गाव एका पंगतीस जेवते. गावाने मिळून ग्रंथ वाचण्याचा धडा आम्ही सातासमुद्रापलीकडून का घ्यावा?' प्रश्न रास्त आहे. तो पूर्वपक्ष म्हणून बाजूस ठेवू आणि तिकडची हकीकत आधी नीट ऐकून घेऊ. समोरच्याचे ऐकल्यावाचून खंडन करणे शास्त्रातही बसत नाही आणि वारकऱ्यास तर मुळीच शोभत नाही.

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, समुद्राच्या काठी सिएटल नावाचे शहर आहे. तेथील सार्वजनिक ग्रंथालयात नॅन्सी पर्ल नावाच्या ग्रंथपाल बाई होत्या. बाई मोठ्या हिकमती. पुढे २००३ साली त्यांच्यासारखी दिसणारी एक बाहुलीसुद्धा बाजारात आली. कळ दाबली की ती ओठांवर बोट नेऊन 'शांतता' अशी खूण करी! गंमत अशी की, ज्या बाईंची मूर्ती गप्प बसविणारी निघाली, त्यांनी आयुष्यात केलेले मोठे काम लोकांना बोलते करण्याचे होते. 'सगळ्या सिएटलने एकच पुस्तक वाचले तर?' अशा अर्थाचे नाव देऊन त्यांच्या विभागाने १९९८ साली हा उपक्रम काढला. पहिले पुस्तक रसेल बँक्स यांची 'द स्वीट हिअरआफ्टर' ही कादंबरी. हिवाळ्यात एका लहान गावाची शाळेची बस रस्ता सोडून पाण्यात जाते आणि पुष्कळ मुले दगावतात, एवढेच कथानक. पण ते चार माणसांच्या तोंडून चार वेळा सांगितले आहे. बस चालविणारी बाई एक सांगते, एक बाप दुसरे, शहरातून आलेला वकील तिसरे आणि वाचलेली मुलगी चौथे. दोष कोणाचा, हे वाचणाराने ठरवावयाचे. ग्रंथालयाने पुस्तके पुरविली, चर्चेसाठी प्रश्न काढून दिले, आणि खुद्द लेखकास शहरात बोलावून लोकांसमोर बसविले.

या पहिल्या निवडीतच प्रयोजन दिसून येते. परीक्षा नाही, बक्षीस नाही, पुण्यही नाही. एकाच जिन्यावर राहणाऱ्या दोन घरांस एकमेकांचे नाव ठाऊक नसते, तेथे दोघांस बोलावयास एक समान विषय मिळावा, हा हेतू. हवापाण्यावर बोलून माणूस कळत नाही. पण 'त्या वकिलाचे खरे की बापाचे?' असे विचारले की उत्तर देणारा आपले घर, आपले दुःख, आपली भीती न सांगता राहू शकत नाही. पुस्तकाच्या आडून माणूस बोलता होतो. कीर्तनात आख्यान लावण्याचे कारणही तेच आहे, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

आता विषयाकडे येऊ, कारण सारी मेख तेथे आहे. दुसऱ्या वर्षी, १९९९ साली, सिएटलने अर्नेस्ट गेन्स यांचे 'अ लेसन बिफोर डाइंग' हे पुस्तक घेतले. अमेरिकेच्या दक्षिणेत, १९४० नंतरच्या काळातली गोष्ट. एका काळ्या तरुणास त्याने न केलेल्या खुनासाठी फाशीची शिक्षा होते. त्यास वाचवू पाहणारा वकीलच न्यायालयात म्हणतो की, या अडाण्यास फाशी देणे म्हणजे डुकरास खुर्चीवर बसविण्यासारखे आहे! त्याची धर्ममाता गावच्या काळ्या मास्तराकडे जाते आणि म्हणते, पोराला सोडवा असे मी म्हणत नाही, पण मरताना तो माणूस म्हणून मरावा एवढे त्याला शिकवा. मास्तराचे मन घेत नाही. तरी तो जातो, पुन्हा जातो. शिकवता शिकवता शिकवणाराच शिकतो. हे लिहिणारे गेन्स स्वतः लुइझियानातील एका मळ्यावर जन्मलेले, ज्यांच्या वाडवडिलांनी तेथे गुलाम म्हणून राबावे त्या कुळातले. म्हणजे दुःख ज्याचे, लेखणीही त्याचीच.

यानंतर दोन वर्षांनी, २००१ साली, शिकागो शहराने हा उपक्रम उचलला. होय, तेच शिकागो, जेथे १८९३ साली विवेकानंद बोलले. त्या शहरात गोऱ्यांच्या वस्त्या एकीकडे आणि काळ्यांच्या दुसरीकडे, असा जुना विभाग पडलेला. नगरपती रिचर्ड डेली यांनी पुढाकार घेतला आणि हार्पर ली यांचे 'टु किल अ मॉकिंगबर्ड' हे १९६० सालचे गाजलेले पुस्तक सर्वांनी वाचावे असे ठरले. त्यातही एका निरपराध काळ्या माणसावर खटला आहे. त्याची बाजू एक सज्जन गोरा वकील मांडतो, आणि वकिलाची लहान मुलगी गोष्ट सांगते. वाचणाऱ्यांनी छातीवर त्या पक्ष्याचे बिल्ले लावावे, म्हणजे गाडीत, रस्त्यात एकमेकांस ओळखू येईल व बोलणे काढता येईल, अशीही योजना होती. तुळशीची माळ आणि बुक्का दिसला की अनोळखी माणसाच्या पाया पडून 'माउली, कोणत्या दिंडीचे?' असे विचारणाऱ्यांस या बिल्ल्याचे मर्म वेगळे सांगावयास नको. उपक्रम चालू असतानाच ११ सप्टेंबरचा तो भयंकर हल्ला झाला, आणि परक्या चेहऱ्याकडे संशयाने पाहण्याचे दिवस आले. अशा वेळी, नुसता चेहरा पाहून माणसास दोषी ठरविण्याचे काय होते हे सांगणारे पुस्तक सबंध शहराच्या हाती होते.

दोन्ही पुस्तके चांगलीच आहेत. पण आमच्या मते त्यांत एक भेद आहे. 'मॉकिंगबर्ड' वाचताना वाचणारा त्या वकिलाच्या जागी उभा राहतो आणि स्वतःस सज्जन समजून डोळे पुसतो. ज्याच्यावर अन्याय झाला तो काळा माणूस पुस्तकात फार थोडे बोलतो. पुष्कळ काळ्या वाचकांनी ही तक्रार केलेली आहे. गेन्स यांच्या पुस्तकात ही सोय नाही. तेथे तुम्हांस त्या कोठडीत जाऊन बसावे लागते. दुसऱ्यास समजून घ्यावयाचे तर त्याच्याविषयी आपल्यातल्या भल्या माणसाने लिहिलेले वाचणे ही पहिली पायरी, आणि त्याने स्वतः लिहिलेले वाचणे ही दुसरी. पहिलीवरच थांबणारे फार असतात.

दुसऱ्या पायरीचे सर्वांत चांगले उदाहरण पुन्हा सिएटलचेच. २००५ साली तेथे ज्यूली ओत्सुका यांचे 'व्हेन द एम्परर वॉज डिव्हाइन' हे लहानसे पुस्तक वाचले गेले. त्याची पार्श्वभूमी थोडी सांगावी लागेल. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला, आणि १९ फेब्रुवारी १९४२ रोजी निघालेल्या आज्ञेच्या आधारे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या सर्व लोकांस घरातून काढून काटेरी तारेच्या छावण्यांत नेण्यात आले. अशी सुमारे १,२०,००० माणसे होती, आणि त्यांतील बहुसंख्य अमेरिकेतच जन्मलेली, तेथलीच नागरिक. सर्वांत पहिली उचल झाली ती सिएटलसमोरच्या बेनब्रिज नावाच्या बेटावरून, ३० मार्च १९४२ रोजी, २२७ माणसे. सिएटल शहरातील जपानी कुटुंबांस जवळच्या एका जत्रेच्या मैदानावर आधी ठेवले आणि मग आयडाहोच्या ओसाड भागातील छावणीत पाठविले. ओत्सुकाबाईंची आई, मामा आणि आजीही कॅलिफोर्नियातून अशाच एका छावणीत गेली होती. त्यांच्या पुस्तकातील माणसांस नावेच नाहीत. आई, मुलगी, मुलगा, एवढेच. आई नोटीस वाचते, घरी येते, सामान बांधते. म्हातारा कुत्रा बरोबर नेता येत नाही, म्हणून त्यास हाताने भात भरवते आणि मग स्वतःच मारून पुरते. ओरड नाही, शाप नाही. वाचणाराच्या घशात मात्र आवंढा येतो.

आता ध्यानात घ्या की हे पुस्तक कोणत्या गावात वाचले गेले. ज्या रस्त्यांवरून ती माणसे नेली, त्याच गावात. छावणीत बालपण काढलेली माणसे तेव्हा हयात होती. शेजारचे घर एका रात्रीत रिकामे झालेले ज्यांनी लहानपणी पाहिले, तीही असणारच. सरकारने १९८८ साली कायदा करून क्षमा मागितली होती आणि हयात असलेल्या प्रत्येकास २०,००० डॉलर दिले होते. म्हणजे हिशेब कागदावर पुरा झाला होता. पण शेजाऱ्याने शेजाऱ्यास 'तुमचे घर रिकामे झाले त्या दिवशी आम्ही काय करीत होतो' हे सांगणे कायद्याने होत नाही. त्यास एकत्र बसावे लागते, आणि बसावयास काही निमित्त लागते. अनुबंधांतील चौथा, संबंध, तो हाच असे आम्ही समजतो. ग्रंथाचा गावाशी संबंध असावा. गावाच्या दुखऱ्या जागेशी असावा.

पुढे २००७ साली त्याच शहराने झुंपा लाहिरी यांचे 'द नेमसेक' वाचले. अमेरिकेत संसार थाटलेल्या बंगाली आईबापांचे आणि आपल्या नावाची लाज वाटणाऱ्या त्यांच्या मुलाचे ते पुस्तक. सिएटलच्या आसपास संगणकाच्या धंद्यात आपली मराठी मुलेही पुष्कळ आहेत. परदेशी शेजाऱ्याने आपल्या घरातील देव्हारा, बारसे, आईचा फोन यांविषयी कुतूहलाने विचारावे, यासाठी त्या एका पुस्तकाचा उपयोग झाला असेल तर तो थोडा नव्हे.

सगळे असे सुरळीत झाले असे मात्र समजू नका. २००२ साली न्यूयॉर्कच्या मंडळींनीही एक पुस्तक ठरवावयाचे योजिले. निवडसमितीत दोन पुस्तकांवरून तट पडले. एक जेम्स मॅकब्राइड यांचे 'द कलर ऑफ वॉटर', काळ्या मुलाने आपल्या ज्यू घराण्यात जन्मलेल्या गोऱ्या आईविषयी लिहिलेले. दुसरे चांग-रे ली यांचे 'नेटिव्ह स्पीकर', कोरियन माणसाविषयीचे. एकाने ज्यू दुखावतील, दुसऱ्याने आशियाई दुखावतील, अशा शंका निघाल्या. वाद वाढला, मंडळी फुटली, आणि सबंध शहराने मिळून एक पुस्तक वाचावयाचे ते तेव्हा राहून गेले. त्याच सुमारास हॅरोल्ड ब्लूम या विख्यात समीक्षकांनीही अशा सामुदायिक वाचनाविषयी नापसंती बोलून दाखविली. वाचन ही एकट्याने करावयाची साधना, असे त्यांचे मत. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. मनन आणि निदिध्यासन एकट्यानेच करावयाचे असते. पण त्यांच्या आधी श्रवण येते, आणि श्रवणास दुसरा माणूस लागतोच. न्यूयॉर्कच्या समितीविषयी मात्र आम्हांस एवढेच वाटते की, कोणीच दुखावू नये म्हणून कोणीच काही वाचले नाही, हा निकाल फार महागाचा.

इतर ठिकाणचे थोडक्यात. ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहराने २००२ पासून दर वर्षी एका पुस्तकाच्या १,००,००० प्रती फुकट वाटावयास सुरुवात केली. अमेरिकेत २००४ साली एक सरकारी अहवाल निघाला. त्यात प्रौढांपैकी निम्म्याहूनही कमी लोक कथा-कविता वाचतात असे दिसले, तेव्हा २००६ साली दहा गावांत आणि २००७ पासून देशभर 'बिग रीड' या नावाने असाच उपक्रम काढण्यात आला. त्यातील एक गोष्ट आम्हांस फार आवडली. काही अमेरिकन गावांनी ईजिप्तच्या नगीब महफूज यांची कादंबरी वाचली आणि ईजिप्तच्या वाचकांनी अमेरिकन पुस्तके. लग्नसंबंधात जसे घर दोन्हीकडून पाहतात, तसे हे झाले. एकानेच पाहावयाचे आणि दुसऱ्याने दाखवून घ्यावयाचे, असे नाही.

आता तो पूर्वपक्ष पुन्हा हाती घेऊ. आमच्याकडे हे सारे आधीपासून आहे काय? काही बाबतींत आम्ही निःसंशय पुढे आहोत. सर्वांच्या हाती एकच पाठ असावा म्हणून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तिकडच्या कोणत्या ग्रंथपालाने एवढे कष्ट घेतले असतील असे वाटत नाही. अधिकाराचे म्हणाल तर त्यांचा वाचक अक्षरओळख असलेलाच असावा लागतो. आमच्याकडे ज्यास कान आहेत तो अधिकारी. आणि पंगतीची सोय तर त्यांना सुचलेलीच नाही.

अधिकाराविषयी एक गोष्ट सांगतो. मराठवाड्यातील एका गावी सप्ताहात आमचे प्रवचन होते. सकाळी पारायण मोठ्या थाटाचे झालेले. वाचकांचा वेग असा की, व्यासपीठचालक ओवीच्या निम्म्यात असताना पुढची रांग दुसऱ्या ओवीवर. आम्ही सहज विचारले, 'मंडळी, आज बारावा अध्याय झाला. त्याच्या आरंभी अर्जुनाने काय विचारले?' शंभरावर वाचक खाली पाहू लागले. तेवढ्यात मागे खांबाला टेकून बसलेली एक म्हातारी म्हणाली, 'देवाचं रूप धरून भजावं का बिनरुपाचं भजावं, कोन खरा, असं इचारलंय की म्हाराज.' तिला अक्षर येत नव्हते. रोज सकाळी मंडपामागे भाकरी थापता थापता ती ऐके. आम्ही तिला विचारले, 'मग आजी, तुम्हांला काय वाटतं?' तिने जे सांगितले त्यावर प्रवचनाचा उरलेला वेळ गेला आणि हरिपाठाची वेळ झाली तरी लोक उठेनात. तसा तास आमच्या सप्ताहांत आता फारसा होत नाही, हे आमचे म्हणणे आहे. विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली ती ग्रंथाचा अर्थ लोकांस कळावा म्हणून. पारायणाची संख्या आणि मंडपाची लांबी वाढत गेली, आणि 'तुम्हांला काय वाटतं' हा प्रश्न मात्र मागे राहिला.

हे झाले एक उणे. दुसरे याहून नाजूक आहे. आम्ही जो ग्रंथ मिळून वाचतो तो आमचाच. त्यात गैर काही नाही. आईच्या हातचे रोज जेवावेच. पण दुसऱ्याचे बोलणे आपल्या नित्यपाठात घेण्याची चालही संतांच्या मार्गाला परकी नाही. नामदेवराय पंजाबात गेले. त्यांची ६१ पदे गुरू अर्जुनदेवांनी १६०४ साली सिद्ध केलेल्या ग्रंथात आहेत, आणि त्याच ग्रंथात कबीर आहेत, रविदास आहेत, शेख फरीदही आहेत. शीख बांधव अखंड पाठ करतात तेव्हा सुमारे अठ्ठेचाळीस तासांत तो ग्रंथ सलग वाचतात, आणि दर वेळी पंढरीच्या शिंप्याचे बोल त्यांच्या कानी पडतात. २०१५ साली घुमानला साहित्य संमेलन झाले तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांस हे प्रथम कळले. त्यांनी आपले घेतले. आपण कोणाचे घेतो?

येथे शिकागो आणि सिएटल यांच्यातील तो भेद पुन्हा आठवावा. चोखोबांचे आख्यान आम्ही शेकडो वेळा लावले असेल. श्रोते रडतात, आम्हीही रडतो. पण त्या आख्यानात बोलतो कोण? सांगणारा. चोखोबा, त्यांच्या पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणे बंका आणि मुलगा कर्ममेळा या पाचही जणांचे अभंग आजही उपलब्ध आहेत. कर्ममेळ्याची वाणी तर अशी की, वाचताना देवासही उत्तर द्यावे लागेल. हे सारे अभंग क्रमाने, एका बैठकीत, सबंध गावाने मिळून वाचले, असे आम्ही कोठे पाहिले नाही. चातुर्मासातील एकादशा यासाठी पुरतील. ज्या वस्तीतून ही वाणी आली त्या वस्तीतील माणसे तेव्हा मंडपात पुढे बसलेली असावीत. वाचन त्यांच्यापैकी एकाने करावे.

आणि तेवढ्यावरही थांबू नये. माउलींची पालखी दर वर्षी फलटणास उतरते. त्या गावी बेबीताई कांबळे राहत. महार समाजात जन्मलेल्या, बाबासाहेबांच्या चळवळीत वाढलेल्या. त्यांचे लहानसे दुकान होते. माल बांधावयास आणलेल्या रद्दीतील कागद त्या वाचीत, आणि वाचता वाचता लिहू लागल्या. लिहिलेले पुष्कळ वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. ते 'जिणं आमुचं' या नावाने १९८६ साली पुस्तकरूपाने आले. पुढे फलटणजवळ निंबुरे येथे त्यांनी आश्रमशाळा चालविली, आणि २०१२ साली त्या गेल्या. लक्षावधी वारकरी त्यांच्या गावावरून दर आषाढीस जात राहिले. त्यांतील किती जणांनी ते पुस्तक हाती धरले असेल?

येथे कोणी भाविक म्हणेल, 'महाराज, त्या पुस्तकात आपल्या धर्माविषयी, देवाविषयी फार कठोर लिहिले आहे. ते वारीत वाचावयाचे?' होय, कठोर लिहिले आहे. वाचताना आम्हांसही ते लागले. पण वाद्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत, पुरतेपणी मांडल्याशिवाय सिद्धांताकडे जाता येत नाही, हे आमच्या गुरुजींनी काठी आपटून शिकविले आहे. बाई खोटे कोठे लिहितात ते दाखवा. गावाबाहेरचे घर खोटे? वाटेत सवर्ण दिसला की बाजूस होणे खोटे? १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी प्राण पणास लावले तेव्हा कोठे पंढरीच्या देवळाचे दार सर्वांस उघडले. त्यास अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत. त्या काळी दाराबाहेर उभे राहिलेल्यांची नातवंडे आमच्या आसपास आहेत. सिएटलच्या लोकांस छावणीचे पुस्तक वाचताना जे लागले असेल तेच आम्हांस हे वाचताना लागते, आणि ते लागावे यासाठीच ते मिळून वाचावयाचे. एकट्याने वाचले तर राग आला की पुस्तक मिटता येते. समोर माणूस बसला असेल तर मिटता येत नाही.

काय करता येईल ते सांगतो. पारायण, भजन, हरिपाठ, कीर्तन यांस कोठेही धक्का लावावयाचा नाही. फलटणच्या मुक्कामी दुपारचा एक तास ठेवावा. एका दिंडीने ठेवला तरी पुरे. वीस-पंचवीस माणसे, त्यांत निम्म्या बाया. एकाने सावकाश, मोठ्याने पंधरा मिनिटे वाचावे. वेग धरू नये. फलटणच्या वस्तीतील चार वडीलधारी माणसे आधी जाऊन, मानाने बोलावून आणावी आणि पहिल्यांदा त्यांनीच बोलावे. आम्हां कीर्तनकारांनी त्या तासात दृष्टांत देऊ नये, चाल लावू नये, समारोप तर मुळीच करू नये. फार तर एक प्रश्न विचारावा आणि ऐकत बसावे. कोणास राग आला तर येऊ द्यावा, पण उठू देऊ नये. शेवटी चहा सर्वांनी एकत्र घ्यावा, आणि तो वस्तीतील घरून आलेला असेल तर उत्तम.

पुस्तकाच्या दिंडीमागे दोन प्रती पुरतात. विचारावयाचे सहा-सात प्रश्न आम्ही एका कागदावर काढीत आहोत. ज्या दिंडीप्रमुखांस ते हवे असतील त्यांनी ज्येष्ठ वद्य अष्टमीच्या प्रस्थानापूर्वी आळंदीस आम्हांस गाठावे.